खिशातली अंगठी

शैलावहिनींच्या नातीचं बारसं होतं. हेरंब सर्दी घेऊनच आला, आणि उंबऱ्यातच त्याची अंगठी थरथरू लागली. अंगात विषाणू असलेल्या माणसाच्या जवळ हृदयविकार किंवा मधुमेह असलेलं कुणी आलं, की अंगठी अशी इशारा द्यायची. साधी सर्दीही अशांच्या जिवावर बेतू शकते. पण दारातून परत फिरायची हेरंबला लाज वाटली. त्याने अंगठी काढून खिशात टाकली आणि आत जाऊन वहिनींच्या पाया पडला. वहिनींना मधुमेह होता, हृदयही कमजोर होतं.

आठवड्याच्या आत त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

हेरंब भेटायला गेला, तेव्हा त्या धापा टाकत म्हणाल्या, "भावजी, तुमची अंगठी बिघडली होती, असं मी सांगितलंय सगळ्यांना."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. भरल्या घरातून तुम्हाला परत कसं पाठवायचं?"

हेरंबला मान वर करवेना. तो बाहेर आला. बाकावर बसलेल्या थोरल्या भावाने, वहिनींच्या नवऱ्याने, म्हणजे अच्युतदादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, अंगठी बिघडली नव्हती. मीच काढली होती."

दादाने खांद्यावरचा हात काढून घेतला.