फोटोतले धनी

तुळजाबाईंचे यजमान बद्रीनाथ नौदलात होते, तिकडंच समुद्रात वारले. मागून त्यांची ट्रंक आली. तिच्यात निघालेला पांढऱ्या गणवेशातला फोटो भिंतीवर लागला. साठ वर्षं तुळजाबाई त्याला हार घालूनच चहा घेत.

आता पुतण्या विजयसिंहानं त्यावरून पुतळा घडवायला घेतला आणि फोटो मोबाइलवरून गावोगाव धाडला.

दुसऱ्याच दिवशी नांदूरघाटचा लखन दारात हजर. "ह्यो आमचा आजा हाय, धुळाजी. तुमच्या काकाच्याच जहाजावर व्हता. त्यानं घरी धाडलेला ह्योच फोटू आमच्याकडंबी हाय."

विजयसिंह भडकला. "आमच्या काकाला काहून आपला म्हनतो बे?"

आवाज चढत गेले. शेवटी विजयसिंहानं भिंतीवरचा फोटो उतरवून तुळजाबाईंच्या मांडीवर ठेवला. "काकू, काकाला बघितलेलं मानूस आता तुमीच उरलाव. सांगा ह्याला, कोन हाय ते."

तुळजाबाईंनी पदरानं काच पुसली. पुसतच राहिल्या.

 

"लग्नात म्या मान वर केली न्हाई, लेकरांनो. अन् मोठी होऊन नांदायला आले, तवा भिताडावर हार घातलेला ह्यो फोटूच व्हता."