जुनाच बोर्ड

"बोर्ड बदलायचा नाय. ती रॅम का काय हाय, ती बदल न् जा," गोजरा म्हणाली.

तबरेज हातात स्क्रूड्रायव्हर धरून तसाच बसून राहिला. वाशीला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. समोरचा कॉम्प्युटर त्याच्या दोस्ताचा, हितेशचा. हितेशला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि कोपरखैरण्याच्या या घरात त्याचं टेबल अजून कुणी हलवलं नव्हतं.

"मावशी, या मदरबोर्डात जुनी डीडीआर थ्री रॅम लागते. आता सगळीकडे फोर, नायतर फाईव्ह." तबरेजनं नवी पट्टी पुढे धरली. "ही खाच बघा. सरकलेली आहे. या बोर्डात ती बसतच नाय. नवी रॅम पाहिजे तर बोर्डपण नवाच."

"मग जुनीच आन कुठून तरी."

"आई, अगं सकाळी हो म्हणालीस ना!" नमिता वैतागली. हितेशची धाकटी बहीण ती, इंटेरिअरचा कोर्स करत होती. या डब्यावर एक ड्रॉइंग उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. सबमिशन चुकलं की वर्ष गेलंच म्हणायचं. आईला पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले होते, आणि आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोजरा मात्र शांत होती. तिनं तबरेजला एकच विचारलं, "नव्या बोर्डात तो यील का?"

तबरेजनं नमिताकडे पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगितलं. दादा न्हावा शेव्याच्या ऑफिसातून दिवेलागणीला घरी यायचा. त्याच वेळेला हा कॉम्प्युटर रोज आपोआप चालू होतो. आई बाहेर तुळशीपाशी दिवा लावते, आला का म्हणून हाक देते आणि आत पंखा घरघरतो. मग आई म्हणते, हितेश आला.

"दादानं सेटिंग करून ठेवलंय तसं. किती वेळा सांगितलं हिला."

"सेटिंग न् फिटिंग," गोजरा उठली. "माजा पोऱ्या हाय तो." आणि वात वळायला आत निघून गेली.

तबरेजनं सुटकेचा श्वास सोडला. एवढंच होतं होय! "असतं तसं सेटिंग. बोर्डातच असतं. बघतो नि नव्यात घालून देतो. मावशीला पत्तापण लागणार नाय."

त्यानं अजून प्लग काढला नव्हता. कॉम्प्युटर चालू करून त्यानं बोर्डाचं सेटिंग उघडलं. वाचलं. मान पुढे करून पुन्हा वाचलं.

"नमिता, ते तर बंद आहे."

"बंद?"

"आणि तारीख बघ. हितेश कॉलेजात होता तेव्हाची. आतला सेल मेलाय. एकदा लाईट गेली की याला ना वेळ कळत, ना सेटिंग राहत. हा आपोआप चालू होऊच शकत नाय."

नमिता स्क्रीनवर वाकली. मागे खाटेवर तिचे वडील, हिरामण, दुपारपासून मुकाट बसले होते. ते उठले. आतल्या खोलीकडे एकदा पाहून त्यांनी मधलं दार थोडं लोटलं.

"मी लावतो," ते हळूच म्हणाले. "गेल्या गणपतीत एक दिस नाय लागला. तुजी आई दिवा घेऊन या दारात उभी. जेवली नाय, बोलली नाय. दुसऱ्या दिशी ती तुळशीशी गेली, न् मी येऊन बटन दाबला. तवापासून रोज." "तिच्यासाठी म्हनून केला गो. आता त्याबिगर मलाच करमत नाय."

नमितानं त्यांचा हात धरला. तिला भडभडून आलं. किती दिवस हा माणूस एकटा हे करत होता! आणि मग तिला एकदम आठवलं.

"बाबा, होळीला तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तुम्ही हॉस्पिटलात होतात."

"हा."

"तेव्हाही रोज लागत होता."

"मग तू लावलास ना?" हिरामण तिच्याकडे बघतच राहिले. "मी समजलो, पोरीला कळला, न् बोलली नाय."

"मी आईबरोबर तुळशीपाशी असायचे. तुमच्यासाठी हात जोडायला. आम्ही दोघी बाहेर, आणि घरात कोणी नव्हतं."

आत गोजरा काडेपेटी शोधत होती, तिनं डबे हलवल्याचा आवाज येत होता.

"मग कुठला बोर्ड लावू?" तबरेजनं विचारलं.

"जुनाच राहू दे," नमिता म्हणाली. सबमिशन मैत्रिणीकडे बसून करता येईल.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि नवा बोर्ड खोक्यात भरला. जुनी रॅम शोधतो कुठेतरी, असं पुटपुटला. पण निघाला मात्र नाही.

बाहेर अंधारून आलं. गोजरा दिवा घेऊन अंगणात गेली. काडी ओढल्याचा आवाज आला, तसे हिरामण सवयीनं उठले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला. नमितानं मनगट धरलं.

"आज नको, बाबा."

ते मागे सरले. तिघंही भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टेबलापासून जितकं लांब जाता येईल तितकं. कॉम्प्युटर लागेल याची नमिताला भीती वाटत होती. लागला नाही तर, याची त्याहून जास्त.

अंगणातून गोजराची हाक आली, रोज यायची तशीच.

"आला का गो?"