वाकडा तीन

पुसट झालेला मॉडेल नंबर नुसत्या अंगठ्याने चाचपून शर्यतीच्या गो-कार्टचं इंजिन ओळखावं, तर याच मिस्त्रीने. आजही गिऱ्हाईकाने आणलेल्या इंजिनावर त्याने रॉकेलचं फडकं फिरवलं, आणि अंगठा थबकला.

मॉडेल नंबर हजार इंजिनांवर असतो. पण त्याखाली लोखंडी पंच आणि हातोडीने ठोकलेला वाकडा तीनचा आकडा एकाच इंजिनावर होता. त्याच्या लेकीने तो हट्टाने स्वतः ठोकला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच इंजिनाची कार्ट शर्यतीत चालवताना ती गेली.

"दादा, ते इंजिन माझ्या डोळ्यांदेखत वितळवलं," असं धाकटा भाऊ तेव्हा म्हणाला होता.

"माझ्या पोरीचं इंजिन विकून खाल्लंस ना रे?" मिस्त्री शेजारीच काम करणाऱ्या त्या भावावर ओरडला.

धाकट्याचा चेहरा उतरला. "एवढाच भरवसा माझ्यावर?" त्याने कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. आतून वितळलेल्या धातूचा गोळा पडला. "तुला दाखवायचा धीर झाला नव्हता. घे, बघ."

गोळ्याच्या न वितळलेल्या कडेवर तोच नंबर होता. खाली तोच वाकडा तीन.

मिस्त्रीने इंजिनाला हात लावला. ते गार होतं. मग गोळ्याला लावला आणि झटकन मागे घेतला. दोन वर्षं कपाटात पडलेला तो गोळा, नुकत्याच ट्रॅकवरून आलेल्या इंजिनासारखा तापला होता.