बोट लागलं

बोटं वजिराच्या डोक्यावर टेकली, आणि तेव्हा कुठे तिला समोरचा घोडा दिसला.

हात लावला की तेच मोहरं हलवायचं, हा पटावरचा नियम. आणि या वजिराला जायला दोनच घरं उरली होती. एकावर घोडा टपलेला, दुसऱ्यावर उंट. कुठेही गेला तरी मेलाच म्हणायचा.

चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. समोरचा दात पडलेला मुलगा बुटाची नाडी बांधायला टेबलाखाली वाकला होता. त्याने पाहिलं नव्हतं. देवा रे, नाहीच पाहिलं!

सभागृहात एवढा एकच डाव उरलेला. भिंतीवर रंगीत कागदाची अक्षरं होती, ‘मैत्रीपूर्ण सामने’. मैत्री कसली! दोन्ही शाळांचे गुण बरोबरीत, आणि मोठी माणसं लांब भिंतीपाशी श्वास रोखून उभी. सकाळीच मुख्याध्यापकबाई हसत हसत सरांना म्हणाल्या होत्या, “करंडक आणा हो यंदा. नाहीतर पालक विचारतात, हा बुद्धिबळाचा तास हवाच कशाला?”

सर म्हणजे तिचे पप्पा. आणि तो तास म्हणजेच त्यांची नोकरी.

नियम तिला त्यांनीच शिकवला होता. घरी जेवणाच्या टेबलावर पट मांडला, की चुकून लावलेला हात त्यांनी कधी माफ केला नाही. ती रडली, रुसली, तरी नाही. “बोट लागलं म्हणजे शब्द दिला, बाळा.”

तिने हळूच वर पाहिलं. पप्पा मात्र त्या मुलाच्या पाठीमागेच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता डोळे वटारतील, म्हणून तिने अंग चोरलं. पण पप्पा रागावलेले नव्हते. कपाळावर घाम होता, ओठ सुकलेले. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, इकडून तिकडे. नको.

पप्पांनाही भीती वाटते, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

नाडी बांधून मुलगा वर आला. “खेळलीस का गं? की डुलकी लागली?”

“खेळते ना. थांब की जरा.”

शेजारीच तिचा उंट होता. तो तिरका सरकवला असता, तर डाव तिचाच होता. तिचा हात उंटावरून पुढे गेला. उचलताना वजीर पटावर खडखडला. तिने तो घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

मुलगा पटावर ओणवा झाला. एकदा पटाकडे, एकदा तिच्याकडे बघत कुजबुजला, “ए, तिथे नको ना! मरेल तो.”

“माहितीय,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. वर बघायचा धीर काही तिला झाला नाही.