ब्रूनोचे नखरे

कावळा काही शिवेना.

घोडनदीच्या काठावर सारजाबाईच्या दहाव्याला सगळी भावकी जमली होती. ऊन डोक्यावर आलं तरी समोरच्या बाभळीवरचे कावळे पिंडाकडं माना वाकड्या करून नुसते बघत होते. खाली उतरायला एकही तयार नव्हता. सारजाबाईचा जीव कशात तरी अडकला होता, आणि कशात ते तिच्या एकुलत्या एका पोराला, पप्पूला, सांगता येत नव्हतं.

"तिच्या आवडीचं काय ठेवलंय का?" हौसरावमामांनी विचारलं. ते सारजाबाईचे धाकटे भाऊ, कवठ्याहून आलेले.

पप्पूनं बायकोकडं पाहिलं.

"भाकरी-चटणी ठेवलीया की मामा," अनिता म्हणाली. "आत्याबाई रोज तीच खायच्या. दुसरं कवा काय मागितलंच न्हाई त्यांनी."

"आगं, दात कुठं हुतं तिला?"

"पर ताट चाटूनपुसून लख्ख यायचं बघा."

पप्पूला एकदम सुचलं.

"मामा, आईचा जीव ब्रूनोत आडकलाय."

ब्रूनो म्हणजे पप्पूचा लाडका लॅब्रॅडोर. कुरकुंभच्या कंपनीतल्या साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी तो पप्पूला देऊन टाकला. साहेबाचं कुत्रं दारात आलं आणि पप्पूची कॉलर ताठ झाली. अनिताला घरात कुत्र्याचे केस नको होते, म्हणून त्याला गोठ्याकडच्या पडवीत जागा मिळाली. सारजाबाईची खाट आधीपासून तिथंच होती. कुत्र्याचं खाणंपिणं मग ओघानंच म्हातारीकडं गेलं.

आणि नखरे सुरू झाले. भाकरी दुधात कुस्करून पार मऊ केल्याशिवाय ब्रूनो तोंड लावायचा नाही. भाकरीचा पापुद्रा त्याला टोचायचा. तिखट चालायचं नाही. अंडं हवं ते उकडलेलं, तेही बारीक करून. माणूस समोर असलं की खायचा नाही, म्हणून पडवीचं दार लोटून घ्यावं लागायचं. हे सगळं सारजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खालमानेनं सांगायची.

"बुर्नूला काल दूध गार लागलं रं पप्पू."

पप्पू लगेच बायकोवर खेकसायचा. अनिता भांडी आपटत दूध तापवायची. "आत्याबाई परवडल्या, पर हे कुत्रं न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. सासूचा तिला कसलाच त्रास नव्हता.

कहर होता तो एकादशीचा. त्या दिवशी ब्रूनो अंड्याला शिवायचासुद्धा नाही. "माळकरी हाय माझा कुत्रा," असं पप्पू कंपनीच्या कॅन्टीनमध्ये छाती फुगवून सांगायचा, आणि शिफ्ट सुटलेली पोरं बस सोडून ऐकत उभी राहायची.

कधीकधी बंद दाराआडून म्हातारीचा आवाज यायचा. "हड्! तुझं न्हाई ते!" शेळी कुत्र्याच्या ताटलीत तोंड घालत असेल, असं म्हणून पप्पू आपल्या कामाला लागायचा.

सारजाबाई गेली त्या दिवसापासून ब्रूनोनं दूध-भाकरी सोडली होती. इकडंतिकडं खरकट्यावर जगत असेल तेवढाच. ताटली पुढं ठेवली की तिच्याकडं न बघता मोकळ्या खाटेकडं बघत बसायचा. समाचाराला आलेल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. "मुक्या जनावराला कळतं, ते माणसाला कळत न्हाई," असं जो तो म्हणायचा. पप्पूलाही रडू आलं ते कुत्र्याला मिठी मारूनच. आईपाशी बसल्याचं त्याला काही आठवतच नव्हतं, मग त्या आठवणीनं रडणार कसा?

आता नदीकाठी त्यानं हात जोडले. "आये, ब्रूनोची काळजी करू नगंस. त्याचं दूध-अंडं मी कमी पडू देणार न्हाई. तुझी शपथ."

कावळे जागचे हलले नाहीत.

"आणा बरं त्या कुत्र्याला," मामा म्हणाले. "तिच्यासमोर खाऊ दे पोटभर. म्हंजी तरी सुटंल बिचारी."

भावकीतल्या कोणीतरी गाडीवरून जाऊन ब्रूनोला आणलं. सोबत त्याची काठ चेपलेली जर्मनची ताटली, दूध आणि भाकरी आली. दहाव्याचा दिवस म्हणून अंडं तेवढं वगळलं होतं. पप्पूनं मांडी घातली, पापुद्रा काढून भाकरी दुधात कुस्करली. हे काम तो जन्मात पहिल्यांदाच करत होता. चांगली मऊ झाल्यावर त्यानं ताटली पुढं सरकवली.

"खा रं बाबा. आये बघतीया."

ब्रूनोनं ताटली पाहिली. शेपूट पायात घालून तो मागं सरकला, मार खाल्लेल्या पोरासारखा. मग हुंगत हुंगत पिंडाशेजारच्या पत्रावळीपाशी गेला. कोणी अडवायच्या आत त्यानं तिथली कडक भाकरी उचलली आणि लाल चटणीसकट कडाकडा चावत, शेपूट हलवत खाल्ली, रोजचीच असल्यासारखी. भाकरी संपल्यावर पत्रावळही चाटूनपुसून लख्ख केली.

"आरं, हाकला की त्याला! इटाळलं सगळं!" कोणीतरी ओरडलं.

पप्पू उठला नाही. अनिताचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. हौसरावमामा एकदा कुत्र्याकडं बघत होते, एकदा भाच्याकडं.

वर बाभळीत फडफड झाली. एक कावळा खाली उतरला, पिंड ओलांडून पुढं आला आणि ब्रूनोच्या ताटलीत चोच बुडवून दूध-भाकरी खाऊ लागला.