दुसरं पान

गुप्तचर खात्यात मी टायपिस्ट आहे. आमच्या साहेबांचा दंडक एकच : मंत्र्यांकडे जाणारा अहवाल एका पानात बसलाच पाहिजे, दुसरं पान तिथे कुणी उलटत नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या देशातल्या शस्त्रसाठ्याचा अहवाल टाइप केला, तर शेवटची ओळ नेमकी दुसऱ्या पानावर गेली. 'ही माहिती एकाच माणसाने दिलेली असून तिची खातरजमा झालेली नाही.'

"साहेब, एवढी एक ओळ काही बसत नाहीये."

"मग काढून टाका की, बाई. घरी जायचंय ना तुम्हाला?"

पाळणाघर सहाला बंद होतं. लेक दाराकडे डोळे लावून बसली असेल, म्हणून मी ती ओळ काढून टाकली.

तीन आठवड्यांनी युद्ध जाहीर झालं. माझा धाकटा भाऊ गणवेशातच निरोप घ्यायला आला. लेक मामाच्या कडेवर बसून त्याची टोपी ओढत होती आणि मला काही अश्रू आवरेनात.

"रडतेस काय, वेडाबाई? आधी मलाही वाटलं होतं, खरंच असेल का हे सगळं? पण काल आम्हाला तुमच्याच खात्याचा अहवाल वाचून दाखवला.



ताई, त्यात शंकेची एक ओळसुद्धा नाही गं!"