दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

वामनरावांचा संगणक सुरू होऊन लगेच बंद पडत होता आणि आज संध्याकाळी द्यायचं 'अंधश्रद्धा सोडा' हे त्यांचं भाषण त्यातच अडकलं होतं.

दुरुस्तीवाल्याने डबा उघडला आणि पंख्यातून चिमट्याने अक्षता काढल्या. "काल दसऱ्याची पूजा जोरात झालेली दिसते."

"कुमुद!" वामनराव बायकोवर कडाडले. "यंत्राला कसली आलीय पूजा?"

"मी फक्त शिलाई मशीनची केली. तुमच्या डब्याला हात लावायची मला बंदी आहे."

वामनराव चष्मा पुसू लागले. "भाषण नीट व्हावं म्हणून... चारच दाणे टाकले होते."

पंखा फिरला, भाषण छापून निघालं. "अहो, निघताना हातावर दही घालू?" कुमुदने विचारलं. वामनरावांनी दुरुस्तीवाला जिना उतरेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच हात पुढे केला.